डावा पाय आधी

"डावा पाय आधी!" असं म्हणत ते सोफ्यावरून उठत आणि कोलकात्यात एस्प्लनेडला चालत्या बसमधून कसं उतरायचं, ते फरशीवर करून दाखवत. वय ब्याऐंशी. उठताना दोन्ही हातांचा भार सोफ्यावर असे. मी फिजिओथेरपिस्ट, माझी नजर तिथेच जाई.

असे एक काका तुम्हीही पाहिले असतील. केस काळेभोर, काठी कपाटामागे. जन्म कोलकात्याचा, गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक वर्षानुवर्षं त्यांच्याच हाती. ते दुसऱ्याकडे गेलेलं त्यांना सोसलं नसतं.

रविवारी सकाळी मी मंडळाच्या हॉलमध्ये ज्येष्ठांकडून तोल सांभाळण्याचा व्यायाम करून घेते. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं, फरशीच्या रेघेवर पावलापुढे पाऊल टाकायचं, हात न टेकता उठायचं. काका दारात पेपर घेऊन बसत.

"काय मास्तरीणबाई, बगळे जमले का?"

"तुम्हीही या ना, काका."

"मी? पडणारी माणसं वेगळी असतात."

मला चीड येई. माझे वडील हिंगोलीच्या मोंढ्यात हमाल होते. ते पडले तर घरची चूल पेटणार नव्हती, म्हणून प्रत्येक पाऊल बघून टाकत. त्यांनी पोती वाहून मला पदवीपर्यंत शिकवलं, आणि हा माणूस त्या शिक्षणाची टिंगल करत होता. पडण्यापेक्षा पडण्याची लाज मोठी मानण्याची चैन मी इथे येऊन पाहिली.

मग एका गणपतीत आरती संपली. तबक ठेवून काका, आपण सगळे फिरतो तसे, डोळे मिटून स्वतःभोवती फिरू लागले. अर्ध्या फेरीतच तोल गेला. त्यांनी माझा खांदा असा पकडला की ब्लाउजची शिवण उसवली.

"सांभाळून, मास्तरीणबाई!" काका मोठ्याने म्हणाले. "पडला असतात. मी धरलं म्हणून!"

खोटं, आणि तेही देवासमोर. मी तोंड उघडलं. पण खांद्यावरची त्यांची पकड अजून सुटली नव्हती.

"मला चक्कर आली, काका," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी हजर. "तुझा तोल फार वाईट आहे. सोबत म्हणून आलोय."

वर्षभर ते माझ्या शेजारी उभे राहून मलाच ओरडत, "ताठ उभी राहा! खाली काय बघतेस?" आधी खुर्ची मुठीत धरत. मग दोन बोटं. मग एक.

पुढच्या गणपतीत आरतीनंतर सगळे फिरून खाली बसले, तरी काका फिरतच होते. डोळे उघडे, छोटी छोटी पावलं, ओठांवर "डावा पाय आधी". प्रसादाचं ताट घेऊन उभ्या काकी म्हणाल्या, "अहो, मोदक गार झाले!" त्यांनी लक्ष दिलं नाही. फेरी पुरी करून माझ्याकडे वळले.

"बघ," म्हणाले, "आता तू पडत नाहीस."

त्या थंडीत ते न्यूमोनियाने गेले. काकी म्हणाल्या, "आदल्या दिवशीसुद्धा बाथरूमला एकटे गेले. मला हात लावू दिला नाही." त्यात तक्रार होती की अभिमान, मला कळलं नाही.

यंदा आरतीनंतर मी डोळे उघडे ठेवून, छोट्या पावलांनी फिरले. सगळे खाली बसले तरी माझी अर्धी फेरी बाकी होती.