गणपतीपुढचा दिवा

स्वतःच्या हातांनी केलेलं काम माणसाला कधीही दगा देत नाही, असं माझं अनेक वर्षांचं ठाम मत होतं. कल्याणला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या सकाळपर्यंत ते टिकलं.

या ऑपरेशनची तारीख आईने दोनदा पुढे ढकलली होती. एकदा गुडघे दुखतात म्हणून आणि एकदा अमावस्या म्हणून. शेवटी मी तिला शब्द दिला की, तुला आपल्या गाडीतून नेईन आणि आपल्याच गाडीतून आणेन. आपली गाडी म्हणजे माझी सेकंड हँड, ऑटोमॅटिक गाडी. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या खाली ती आठवडाभर नुसती उभी असते.

तिच्या डॅशबोर्डवर आईने गणपती बसवला होता आणि त्याच्यापुढे तिला अखंड दिवा हवा होता. मी देव मानत नाही, पण वायरिंग मानतो. एक छोटासा बल्ब आणला आणि रविवारी दुपारभर खपून जोडला. आधी तो किल्ली फिरवली की लागत होता. आई म्हणाली, "म्हणजे किल्ली काढली की देव अंधारात?" मग मी वायर काढून थेट बॅटरीला जोडली. फ्यूज घातला, टेप नीट गुंडाळली. काम इतकं सुबक झालं की मी बायकोला खाली बोलावून दाखवलं.

शुक्रवारी सकाळी साडेआठला आई ठेवणीतली साडी नेसून मागच्या सीटवर बसली. मी किल्ली फिरवली. टक टक टक. बस्स.

बॉनेट उघडलं की आमच्याकडे समिती जमते. सेक्रेटरी म्हणाले, "डिझेल संपलं असेल."

"पेट्रोलची गाडी आहे."

"मग पेट्रोल संपलं असेल."

तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "धक्का मारू या." ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही हे मी त्यांना समजावलं. ते त्यांना पटलं नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची केबल इमारतीत एकाकडेच होती, आणि ती त्याच्या साडूकडे मानपाड्याला गेली होती.

मी टर्मिनल घासले, फ्यूज तपासला, टेप सोडून जोड पाहिला. माझ्या कामात एकही चूक सापडली नाही. इतकं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात वॉचमन हळूच म्हणाला, "साहेब, तो दिवा पाच दिवस चालूच हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"देवाचा दिवा, साहेब. इझवा म्हणून कसा सांगू? मी रोज पाया पडतो ना."

काका म्हणाले, "आम्हीही पाहिला. छान वाटायचं." म्हणजे पाच दिवस सगळी इमारत माझ्या बॅटरीचं चाललेलं विसर्जन हात जोडून बघत होती. दिवा अजूनही जळत होता. इंजिनाला न पुरणारी वीज त्याला पुरत होती.

आता आई तिसऱ्यांदा तारीख बदलणार, या भीतीने मी मागे वळून पाहिलं. ती खाली उतरून, पिशवी घेऊन गेटकडे निघाली होती. गेटबाहेर रिक्षा उभी होती. रिक्षावाला म्हणाला, "चला आजी. काल बोललेलात ना, पावणेनऊ?"

"तू कालच सांगून ठेवलंस?" मी विचारलं.

"अरे, तू वायरी जोडत होतास तेव्हा मी खिडकीतच होते."

"म्हणजे पाच दिवस तुला वाटत होतं की..."

"बस आता. डॉक्टर थांबायचे नाहीत. आणि ऑपरेशन होईपर्यंत दिवा काढू नकोस हं."

मी तिच्या शेजारी बसलो. रिक्षाच्या काचेपाशीही एक गणपती होता आणि त्याच्यापुढे एक छोटा बल्ब. तो बंद होता. रिक्षावाल्याने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि मग त्याने बटण दाबून दिवा लावला.