चादरीखालची गुलबक्षी

सकाळी सातलाच ऊन असं चटके देत होतं, की पाइपातलं पहिलं पाणी गरमच आलं. दवाखान्याच्या माळीणबाईंनी गुलाब भिजवले, हिरवळीला पाणी सोडलं आणि मागच्या भिंतीपाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. भिंतीलगत गुडघाभर गुलबक्षी माजली होती. फुलं कालची, मिटून लोळागोळा झालेली. या वेळी पाहणाऱ्याला तो नुसता पालाच वाटावा.

नव्या साहेबांना तसंच वाटलं होतं. साहेब आठला येत, साडेतीनला जात. गुलबक्षी उमलायची त्यानंतर. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. हे संध्याकाळचं फूल आहे, असं बाईंनी सांगून पाहिलं, तर साहेब म्हणाले होते, "म्हणजे हेही आपल्या स्टाफमधलंच. साहेब गेले की हसणारं." आज साडेचारला ठेकेदार भिंतीपर्यंत फरशी घालायचं माप घ्यायला येणार होता, म्हणून साहेब थांबणार होते. तेवढं तण काढून ठेवा, असा निरोपही आला होता.

 तेरा वर्षांमागे थोरल्या जावेनं बागेचं हे काम बाईंच्या हाती दिलं, तेव्हाही ही झाडं इथं होतीच. मिऱ्यासारखं काळं बी गळायचं, पुन्हा उगवायचं. थोरली अजून रोज चारला सुजलेले पाय ओढत यायची ती या भिंतीसमोरच्या बाकावर बसायलाच. आणि असल्या उन्हात फूल सहाशिवाय तोंड उघडत नाही, हे दोघींनाही पक्कं ठाऊक.

मग बाईंनी धुलाईखोलीतून एक फाटकी चादर मागून आणली. दुपारी दोनला मुळाशी गार पाणी घातलं आणि चार काठ्यांवर चादर ताणून झाडांना दिवसाढवळ्या संध्याकाळ करून दिली. थोरलीनं येऊन नीट न्याहाळलं.

"अगं, ॲडमिट केलंस की काय?"

"गप बसा हो जाऊबाई. साहेब यायची वेळ झाली."

"सलाइन तेवढं राहिलं बघ."

साडेचारला साहेब आले, मागोमाग टेप घेऊन ठेकेदार. बाईंनी डोळे मिटून चादर ओढली. आधी वास आला. डोळे उघडले तर गुलाबी, पिवळी फुलं, एकावर दोन्ही रंग शिंपडलेले. सगळी नाही, पण निम्मी तरी उमलली होती.

साहेबांनी जवळ येऊन, वाकून फुलं पाहिली. मग कुणी लावली म्हणून विचारलं. बाईंनी खरं तेच सांगितलं, की कुणीच नाही, आपली आपण येतात. बोलल्यावर वाटलं, झालं, आपल्याच तोंडानं तण ठरवलं.

साहेब ठेकेदाराकडे वळले. "भिंतीपासून दोन हात सोडून माप घ्या." मग बाईंना म्हणाले, "एवढ्या फुलांना तण कसं म्हणायचं? फरशीच्या जागेत मात्र एक रोप नको."

"नाही दिसणार, साहेब."

ते दोघं माप घ्यायला लागले तशा बाई थोरलीशेजारी बाकावर बसल्या आणि हसू आवरेना. पेशंटला डिस्चार्ज मिळाला, आता चादर तेवढी परत कर, म्हणून थोरलीनं कोपरानं ढोसलं.

बाईंनी चादर झटकून घडी घातली, खुरपं उचललं आणि फरशीच्या जागेत मधोमध उगवलेली गुलबक्षीची रोपं मुळासकट काढायला बसल्या.