बघूचा कोरा रकाना

कोणता विषय घेणार असं विचारलं की ती म्हणायची, "बघू." कृषी महाविद्यालयात मग तिचं नावच बघू पडलं. तिसरं वर्ष सरत आलं तरी अर्जातला विषयाचा रकाना कोराच होता. माती, बियाणं, फळबाग, कीड, सगळ्यांत मार्क बरे, पण जीव कशातच रमेना.

वडिलांनी जन्मभर लोकांच्या बागांत औषध फवारलं. आता हात असे थरथरतात की चहाचा कप आईला धरावा लागतो. ते फोनवर एवढंच म्हणत, "कीड सोडून काहीही घे, बाळा."

त्या दिवशी कीटकशास्त्राच्या तासाला सरांनी फवारणीच्या औषधाची बाटली उघडली. सगळ्यांनी नाकं दाबली. बघू आपली शांतपणे वहीत लिहीत होती.

"तुला वास येत नाही का गं?" सरांनी विचारलं.

"कसला वास?"

वर्ग हसला. तिने मुद्दाम वाकून हुंगलं, आणि तिचं पेन थांबलं. लहानपणी वडील कामावरून आले की ती त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसायची. वडिलांच्या अंगाला असाच वास असतो, एवढंच तिला तेव्हा ठाऊक होतं.

संध्याकाळी तिने रकान्यात 'कीटकशास्त्र' लिहून अर्ज देऊन टाकला. फोनवर वडिलांनी विचारलं, "ठरलं का गं काही?"

"बघू," ती म्हणाली.