सालकाकांचा लाइन लॉक

सालकाकांनी मला एकच गोष्ट विचारायला सांगितली होती. ती मी विचारली नाही आणि विचारली म्हणून सांगितलं. माझं खोटं एका वाक्याचं होतं. तेही मी अशा माणसाशी बोललो, ज्याच्यासमोर कुठलीही वस्तू आली की पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुठल्या सालचं?" अमेरिकेत अल्फारेटा गावातल्या आम्हा मराठी घरांत त्यांचं नाव सालकाका पडलं ते यामुळेच.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी आमचा कुकर उलटा करून पाहिला होता. गणपतीच्या आरतीला एखादी जुनी पैठणी दिसली की हात जोडलेलेच, पण मान वाकडी करून विचारायचे, "सुरेख! कुठल्या सालची?" लगेच मागून काकू म्हणायच्या, "अहो, साडीचं साल सांगितलं की बाईचं वय कळतं. टाळ्या वाजवा."

काका सांगलीहून इंजिनिअरिंग शिकायला इथे आले, तेव्हा त्यांच्या वर्गातल्या एका मुलाकडे सत्तर सालची मसल कार होती. लांब नाकाची, भल्यामोठ्या इंजिनाची. त्या गाडीत मागच्या सीटवर बसून काका एकदा शर्यतीच्या ट्रॅकवर गेले आणि ते गुरगुरणं कायमचं कानात घेऊन आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी तशाच गाडीचा गंजका सांगाडा विकत घेतला. माझं घर शेजारीच. शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजचं दार वर जाताना ऐकू आलं, की मी चहाचा कप घेऊन तिकडे जायचो. माझे वडील पुण्यात, वर्षातून एकदा भेटणारे. शनिवारच्या त्या दोन तासांत मला काय मिळत होतं, हे मी कधी काकांना सांगितलं नाही.

गाडी जवळजवळ पुरी झाली आणि काका लाइन लॉकपाशी अडले. लाइन लॉक म्हणजे पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या नळीवर बसवायचा एक छोटा व्हॉल्व्ह. ब्रेक दाबायचा, गिअरच्या दांड्यावरचं बटन दाबायचं, की पुढची चाकं जखडलेली राहतात आणि मागची जागच्या जागी गरगर फिरून धूर काढतात. काकांना धूर काढायचा नव्हता. "काकू हाकलून देईल मला," ते म्हणायचे. पण मित्राच्या गाडीत तो होता, म्हणून त्यांच्याही गाडीत हवा होता, आणि तोही त्याच काळातला.

आम्ही महिनाभर ऑनलाइन शोधत होतो. मी नवा चकचकीत लॉक दाखवला, तर काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सत्तर सालच्या गाडीत हा म्हणजे मुंजीच्या फोटोत आजोबांच्या हातात मोबाइल!" दुसरा जुना होता, पण तो बसवायची पट्टी नंतरच्या वर्षांतली निघाली. तिसऱ्याचं बटन चुकीचं. माझी मुलगी तिथेच सायकल लावत होती. ती वैतागून म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ बटन!" काका गंभीरपणे म्हणाले, "बेटा, तुझं नाकही जस्ट नाकच आहे. दुसऱ्या कुणाचं लावू का?"

पण जुन्याचा हट्ट फक्त बाहेरच्या अंगापुरता होता. ब्रेकच्या बाबतीत त्यांचा नियम एकच, "कवच त्या सालचं, आतलं रबर आजचं." मग छातीवर थाप मारून हसायचे, "माझंच बघ. बॉडी अस्सल सत्तेचाळीसची, आत स्टेंट नवा."

शेवटी हवा होता तसाच पितळी लॉक ओहायोतल्या एका माणसाकडे सापडला. काकांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. "अरे, घ्यायच्या आधी त्याला एवढं विचार, आतलं रबर बदललंय का? नसेल तर आपण बदलू." मी हो म्हणालो. संध्याकाळी दुसरं कुणी घेऊन टाकेल या भीतीने ऑर्डर करून टाकली आणि विचारायचं राहून गेलं. पार्सल आलं तेव्हा काकांनी विचारलं, "विचारलंस ना?"

"हो हो काका. बदललेलं आहे."

एरवी त्यांनी तो उघडूनच पाहिला असता. पण काका गाडी नेणार होते तो जुन्या गाड्यांचा कार शो पुढच्या आठवड्यात होता आणि त्यांची बोटं हल्ली थरथरायची. "तू विचारलंस म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी तो तसाच बसवला. घराभोवती चकरा मारून ब्रेक तपासले. सगळं ठीक होतं.

शोच्या सकाळी काका आणि काकू गाडीतून निघाले. आमच्या वसाहतीचा रस्ता उतरणीचा आहे आणि खाली दगडी भिंत. गाडी त्या भिंतीवर जाऊन आदळली. काकूंचं मनगट मोडलं. काका एकसारखं सांगत होते, "पेडल खाली गेलं. ब्रेक लागलाच नाही." टेक्सासमधल्या अर्विंगहून धावत आलेला त्यांचा मुलगा शिरीष हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही चुकून ॲक्सिलरेटर दाबला असेल. हॅपन्स ॲट युअर एज."

दुसऱ्या सकाळी ते दोघे काकूंजवळ हॉस्पिटलमध्ये होते, म्हणून गाडी ओढून नेणाऱ्याला मीच भेटलो. चेपलेलं बॉनेट उघडलं. लॉकच्या खालची नळी ओली होती. मी बोट लावलं. ब्रेकचं तेल. कुजलेल्या रबरातून गळलेलं. मी बोट रुमालाला पुसलं आणि बॉनेट बंद केलं. शिरीषने त्याच आठवड्यात गाडी सुटे भाग विकणाऱ्याला देऊन टाकली. माझ्याशिवाय ते तेल कुणी पाहिलं नाही.

काकांनी हळूहळू मुलाचं म्हणणं खरं मानलं. लायसन्स ड्रॉवरमध्ये गेलं. मग मीच त्यांना डॉक्टरकडे, ग्रोसरीला न्यायचो. लोक म्हणायचे, केवढं करतोस रे शेजाऱ्यांचं! काका माझ्या बाजूला बसायचे आणि प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय समोरच्या चटईवर घट्ट दाबला जायचा. एकदा माझं लक्ष गेलेलं पाहून म्हणाले, "बघतोय, नीट दाबतो का ते. भरवसा राहिला नाही पायाचा." त्या वर्षात त्यांनी मला एकाही वस्तूचं साल विचारलं नाही. रात्री झोपेत मला तो पाय दिसायचा. माझ्याकडे सांगायला रोज एक दिवस होता आणि रोज मी तो घालवला.

मग घर विकून ते कायमचे शिरीषकडे निघाले. विमानतळावर मीच सोडणार होतो. उतरणीवर आलो, भिंत दिसली आणि काकांचा पाय पुन्हा चटईवर दाबला गेला. मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं रे?" मागून काकू म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. न विचारलेला प्रश्न, ओली नळी, रुमाल. काकू म्हणाल्या, "वर्षभर मी ह्यांची समजूत घालतेय, की वय झालं की होतं असं. आणि तू आमच्या टेबलाशी बसून जेवत होतास!"

काका खाली आपल्या बुटांकडे पाहत होते.

"म्हणजे माझा पाय ब्रेकवरच होता?"

"हो काका."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून फोन काढला, शिरीषला लावला, स्पीकर चालू केला आणि तो माझ्यासमोर धरला.

"हॅलो, बाबा? निघालात का?"

"शिरीष, मी बोलतोय," मी म्हणालो. "त्या दिवशी बाबांनी ब्रेकच दाबला होता. ब्रेक फेल झाला, तो माझ्यामुळे. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तुझी माफी मागतो. काकू, तुमची. आणि काका, सगळ्यांत जास्त तुमची. माझं चुकलं."