कुंदाची लेबलं

मागच्या महिन्यात मस्कतहून कुंदाच्या मुलीचा फोन आला. "आंटी, मम्मी... ती गेली." मी बांगडे साफ करत होते. बरं म्हटलं, हात धुतले. रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू? मी कुंदावर आयुष्यभर जळले, आणि ती गेली म्हणून ते जळणं काही गेलं नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही ओमानमधल्या निझव्यात होतो. आमचे हे गॅरेजमध्ये फोरमन, कुंदाचा नवरा त्यांच्या हाताखाली, दोन्ही बिऱ्हाडं एकाच आवारात. परवाना नसलेल्या आमच्यासारख्यांना तिथे दारूची बाटली कुठून मिळणार? म्हणून हे न्हाणीघरातल्या ड्रममध्ये बार्लीचं पेय, साखर नि यीस्ट घालून बिअर आंबवायचे. बाटल्या उकळायच्या, घासायच्या, भरायच्या मी. कुंदा फक्त लेबलं काढायची. वहीच्या कागदावर खजुराचं झाड, किल्ल्याचा बुरूज, बाजारातला बोकड... आणि दुधाने चिकटवायची. दर खेपेला नवं चित्र, म्हणजे जुना माल कुठला नि नवा कुठला ते कळायचं. शुक्रवारी पुरुषमंडळी जमली की आधी बाटली फिरवून चित्र बघत. "कुंदावहिनी, बोकड आता ओरडेल हो." बाटली घासली कुणी, हे कुणी विचारलं नाही. यांनीही नाही.

मग कुंदा बाळंतपणाला माहेरी गेली. त्या खेपेला चित्र मी काढलं. चौथी शिकलेली बाई मी, पण दुपारभर बसून मासा काढला. एकाने विचारलं, "वहिनी, विमान का हे?" सगळे हसले. हे म्हणाले, "कुंदा येईपर्यंत चालवून घ्या."

कुंदा परत आली त्याच दिवशी मी सगळ्या बाटल्या टबात बुडवून लेबलं चोळून काढली. माझे मासे, तिचे उरलेले बोकडही. हे कामाला इब्रीला गेलेले. जाताना सांगून गेले होते, माशाच्या बाटल्यांची बुचं रोज सैल करून हवा सोड, नाहीतर फुटतील. आता मासेच नव्हते. अंदाजाने थोड्या बाटल्यांची हवा सोडली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोन बाटल्या फुटल्या. आवारभर वास, शेजारचा ओमानी म्हातारा दारात येऊन उभा. हे आले ते घाबरून सगळी बिअर मोरीत ओतायलाच लागले. "लेबलं कुठं गेली?" मी काचा वेचत राहिले. कुंदा बाळाला घेऊन उभी होती. म्हणाली, "भाऊ, माझं चुकलं. पातळ दुधाने चिकटवा, असं मीच वहिनींना सांगून गेले होते. गळली असतील."

"असू दे गं," हे म्हणाले. हसले सुद्धा. माझ्या तोंडून चूक ऐकली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

कपडे वाळत घालताना ती हळूच म्हणाली, "वहिनी, तुमचा मासा मला बघायचा होता."

"विमान होतं ते," मी म्हटलं. त्यानंतर कामापुरतंच बोलले.

फोन आला त्या दिवशी जेवताना यांना सगळं सांगितलं. घास चावत म्हणाले, "माहीत होतं. टबात कागदाचा लगदा होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तिने एवढं अंगावर घेतलं... तिला खोटं कशाला पाडायचं?"

म्हणजे मी वाचले तीही तिच्यासाठी. लोक लिहितात, आभार मानायचे राहिले. माझं तिच्याशी भांडायचं राहिलं.

परवा तिच्या मुलीने मस्कतच्या स्वयंपाकघराचा फोटो पाठवला. मिठाच्या डब्यावर कुंदाने बगळा काढलेला. फोटो मोठा करून मी बराच वेळ बघितला, पाय कुठे चुकलेत का ते शोधत. नाहीत चुकले.