रांजणाला चिकटलेलं बी

आसगावात धानाचे पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपासाठी बी पेरायचं असलं, की पहिलं बोलावणं माझ्या धाकट्या जावेला, तुळसाला. तिच्या हातचं बी वाया जात नाही, असं गाव म्हणतं. तीही म्हणते, गावापेक्षा जरा मोठ्यानं.

म्हणून दिवाळीला आलेल्या नातीनं, प्रतिक्षानं, आठ बिया तिच्याच हातात ठेवल्या. सेज नावाचं झाड. पानाला वास, फूल निळं. ही जात आता मोजक्याच ठिकाणी उरली म्हणे.

"आजी, कॉलेजात एकबी उगवलं नाही. आता एवढंच बी आहे. तू जगव."

"चिंता नोको करू. धानाले मोड आणते मी, तं याचं काय!"

तिनं धानाचाच कायदा लावला. पाच बिया भिजवल्या, फडक्यात बांधल्या, तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, दाबल्या. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं, तर आत सब्ज्यासारखा बुळबुळीत गोळा.

"बाई, हे तं शेंबूड झालं!"

"आता पोरीले काय सांगशीन?" मी विचारलं.

तिनं बोटं रांजणाला पुसली अन् गोळा चिखलात गाडला. तिथून काही वर आलं नाही. तुळसा चार दिवस गप्प होती. आमच्या घरात ही बातमीच.

पुढच्या आठवड्यात पाणी काढता काढता ती ओरडली, "बाई, चष्मा आणा!"

रांजणाच्या ओल्या अंगाला, ऊन पडतं तिथं, दोन पानांचा हिरवा ठिपका चिकटला होता. ना माती, ना तणीस.

"म्हणजे याले झाकलेलं चालत नाही," ती म्हणाली.

"तुह्यासारखंच. तोंड उघडं पाहिजे."

उरलेल्या तीन बिया तिनं रेताड मातीवर नुसत्या ठेवल्या. पण बी उघडं टाकून उठणं तिला सोसेना. हात सारखा मातीकडे जायचा. मी "हं!" म्हटलं की मागे. कोंबड्यांसाठी कुंडीवर जुनी मच्छरदाणी, अन् शेजारी राखणीला स्वतः.

दोन उगवल्या. रांजणावरचं रोपही काडीनं सोडवून लावलं, तेही धरलं.

फोनवर प्रतिक्षा नाचायचीच बाकी होती. "तीन! आजी, कसं उगवलं म्हणून कॉलेजात सांगू?"

"सांग, पहिले चार वाया घालवा."

आता रोपं वीतभर झाली आहेत. फूल यायचं आहे. तुळसा रोज सकाळी मच्छरदाणी उचलून पाहते, अन् मी चष्मा घेऊन तिच्या मागे.