आप्पांची चप्पल आणि सुनेचा मॉनिटर

"ताई, काच चिकटवता यील का?"

आप्पांनी चादरीत गुंडाळलेला मॉनिटर काउंटरवर ठेवला आणि दुकानात दुसरं कुणी नाही ना, ते वळून बघितलं.

कळंबला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आप्पांची सून रेणुका माझं जुनं गिऱ्हाईक. जवळच्या खेड्यात राहते, घरीच लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करते. तेव्हा ती माहेरी, माकणीला गेली होती.

"कशानं फुटला?"

"चपलंनं."

मी चादर सोडवायला लागले.

"ह्याच्यावर पाल बसली व्हती. रेणुका पालीला लई भिती. म्हनलं, ती यायच्या आत उरकावं. पाल गेली निघून."

मॉनिटर चालू केला. मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग, त्यातून चहूकडे गेलेले तडे, एका बाजूला रंगीत उभ्या रेघा. मोबाईलला बऱ्याचदा वरून वेगळी काच असते. तेवढीच फुटली तर तेवढीच बदलता येते. साध्या मॉनिटरला ती नसते. ज्याच्यावर चित्र उमटतं तो पडदाच फुटतो. त्याला पॅनल म्हणतात. ते सांधता येत नाही, आणि नवं मागवायचं तर खर्च जवळपास नव्या मॉनिटरएवढाच. म्हणून आमच्या धंद्यात निर्णय सोपा असतो. आतला बोर्ड गेला तर दुरुस्ती. पॅनल गेलं तर नवा मॉनिटर.

"आप्पा, नवा घ्या. मोठा येईल, तिच्या डोळ्यांनाही बरा."

"नवा दिसला की तिला कळंल."

"कळू द्या की. रेणुका काय तुम्हाला बोलणार आहे?"

"बोलत न्हाय, तेच तर अवघड हाय. मागं तिची शिलाई मशीन म्या पाडली. 'असू द्या आप्पा' म्हनली आन् कामाला लागली. भांडली असती तर म्याबी भांडलो असतो, मिटलं असतं. आजूनबी मशीनकडं बघवत न्हाय मला."

मागच्या खोलीत याच मॉडेलचा एक मॉनिटर पडून होता. त्याचा बोर्ड विजेच्या झटक्यानं जळालेला, पॅनल शाबूत. त्याचं पॅनल काढून याच्यात बसवता येत होतं.

"करून देते. पण आप्पा, मी आपणहून सांगणार नाही आणि तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"व्हय, व्हय. ती कशाला विचारतीय!"

जुनी फ्रेम उघडताना घाई चालत नाही. प्लास्टिकच्या खाचा तुटल्या की फ्रेम परत बसत नाही. मी एकेक खाच सोडवत होते आणि आप्पा स्टुलावर श्वास रोखून बसले होते. चित्र स्वच्छ आलं तेव्हा त्यांनी मॉनिटरला हात जोडले. परत चादरीत गुंडाळून घेऊन गेले.

पुढच्याच आठवड्यात रेणुका स्कूटरवर आली. मागे आप्पा, मांडीवर मॉनिटर.

"ताई, मेलेला ठिपका आपोआप जिवंत होतो का हो?"

पडद्यावरचं चित्र बारीक बारीक ठिपक्यांचं असतं. त्यातला एखादा बिघडला की कायमचा काळा राहतो. तिच्या मॉनिटरवर डाव्या कोपऱ्यात तसा एक होता म्हणे. फुटलेल्या पडद्यावर मला तो दिसणं शक्यच नव्हतं.

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा रस्त्याकडे बघत होते.

"नाही होत," मी म्हणाले.

"मग लाल रंग केशरी का दिसायलाय? पत्रिकेतला लाल मी गडद करत बसले. नमुना छापून आला तर काळपट! नवरीचे वडील म्हणले, ही लग्नाची हाय का तेराव्याची? मला वाटलं, डोळेच गेले माझे. आता चष्म्याचा नंबर काढायला निघालेय."

डोळ्यांचं नाव निघालं आणि आप्पांना राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, चपलेसकट.

रेणुकानं आधी एवढंच विचारलं, "हाताला काच लागली का?"

"न्हाय."

मग ती जी सुटली! "सांगता येत न्हाय का आप्पा? परक्याच्या घरात राहतो का आपण? मी खुळ्यासारखी डोळे चोळत बसले आन् तुमी समोर बसून बघत होता!"

"आन् मशीन पाडली तवा तुला बोलाया काय झालतं?" आप्पांनीही आवाज चढवला.

रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. मी मॉनिटर जोडून घेतला. मॉडेल एकच असलं तरी प्रत्येक पॅनलचा रंग थोडा वेगळा असतो. तिची एक जुनी छापलेली पत्रिका पडद्याशेजारी धरली आणि सेटिंगमधून लाल जुळवला. तोवर दोघांचं भांडून झालं होतं. आप्पा कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्यासारखे दिसत होते.

"नवा दाखवू का?" मी रेणुकाला विचारलं.

"कशाला? चांगला चाललाय की. ठिपकाबी गेला."

आता फुटका मॉनिटर आला की मी आधी विचारते, फुटायच्या आधी यात काय बिघडलं होतं? लोकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. पण कुणाला कळू न देता दुरुस्ती करायची, तर जुना बिघाडही जागच्या जागी परत द्यावा लागतो. ते काम मला येत नाही.